पोर्चमधील मोठी टाइल आणि तिच्याखालचा कोबा

घराच्या पोर्चमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये बसवलेली मोठी पोर्सिलेन टाइल गाडीच्या वजनाने सहसा फुटत नाही. ती फुटते खाली राहिलेल्या पोकळीमुळे. हिशेब साधा आहे. बाराशे किलोची मोटार चार चाकांवर उभी असते, म्हणजे एका चाकाखाली सुमारे ३०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर चाकाचा जमिनीवरचा दाबही साधारण तेवढाच पडतो. एम-२० प्रतीच्या साध्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद याच्या जवळजवळ नव्वद पट असते आणि पोर्सिलेन त्याहूनही कणखर असते. त्यामुळे सगळीकडून नीट टेकलेल्या टाइलला मोटारीचे ओझे जाणवतही नाही. अधांतरी राहिलेल्या टाइलचे तसे नसते. आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साडेसात मिमी किंवा त्याहून जाड पोर्सिलेन टाइल दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबली, तर तिची तुटण्याची ताकद किमान १३०० न्यूटन, म्हणजे १३० किलोच्या आसपास भरावी लागते. चाकाखालचा भार त्याच्या दुपटीहून जास्त आहे. टाइलच्या पोटाखाली वीतभर जागा रिकामी राहिली आणि नेमके तिथे चाक आले, तर पहिल्या दिवशी नाही तरी वर्षा-दोन वर्षांत तिथे तडा दिसतो. पोर्चचा खर्च ठरवताना म्हणून आधी भराव, कोबा आणि बसवणी यांचा विचार करावा; रंग आणि डिझाइन त्यानंतर.

दुकानात हा माल ‘व्हिट्रिफाइड’ म्हणून मागितला जातो. पलूस, विटा, कराड, सांगली इथल्या दुकानांत तो बहुतांशी गुजरातेतल्या मोरबीहून येतो. बाराशे अंशांच्या आसपास भाजल्यामुळे त्यात छिद्रे जवळपास उरत नाहीत. पोर्सिलेन गटात पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये, असे मानक आहे. गाडीच्या जागेत याचा फायदा उघड आहे. शहाबादी फरशीत किंवा उघड्या कोब्यात इंजिन ऑइल मुरते आणि डाग कायमचा बसतो. पोर्सिलेनवर ते वरच राहते आणि पुसून निघते. कोबा घासला जाऊन बारीक धूळ सुटते, तशी इथे सुटत नाही.

या मालात पोटप्रकार आहेत आणि पोर्चसाठी त्यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. पीजीव्हीटी म्हणजे छापील थरावर चकाकी दिलेली टाइल. बैठकीत ती शोभते, पोर्चमध्ये ती घेऊ नये. टायरमध्ये अडकलेले खडे तिच्यावर ओरखडे पाडतात आणि पाणी पडले की ती निसरडी होते. तशीच छापील पण चकाकी नसलेली मॅट जीव्हीटी चालते, पण कोपरा उडाला की आतला वेगळा रंग दिसतो. फुल बॉडी टाइलमध्ये वरपासून खालपर्यंत एकच रंग असतो, त्यामुळे टवका उडाला तरी तो डोळ्यांत भरत नाही. गाडीच्या जागेसाठी मॅट किंवा खरखरीत पृष्ठभागाची फुल बॉडी टाइल हीच पहिली निवड असावी. काही कंपन्यांच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात घसरण-रोधाचा दर्जा आर-९, आर-१०, आर-११ असा छापलेला असतो. पोर्चसाठी आर-११ घ्यावी. तो आकडा मिळाला नाही, तर दुकानातच टाइलवर पाणी ओतून रबरी चपलेचा तळवा घासून पाहावा. सकाळी पोर्च धुतल्यावर घरातली वडीलधारी माणसे त्याच चपलेने तिथून जाणार असतात.

जाडीबाबत मोटार आणि ट्रॅक्टर यांचा विचार वेगळा करावा लागतो. मोटार आणि दुचाकीसाठी ९ ते १० मिमीची टाइल पुरते. द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर पोर्चमध्ये उभा राहणार असेल, तर २० मिमी जाडीची बाहेरच्या वापराची पोर्सिलेन फरशी पाहावी. मोठा ट्रॅक्टर, त्यामागे रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर असेल, तर टाइलचा नादच सोडावा. ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा इथे धोका लोखंडाचा असतो. रोटाव्हेटर खाली टेकताना त्याचे पाते एखाद्या बिंदूवर आदळते, आणि पोर्सिलेन कितीही कठीण असली तरी ठिसूळ असते. अशा जागेत सळई घातलेला, वरून घोटून कडक केलेला कोबा स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो. किर्लोस्करवाडीच्या किंवा पलूस एमआयडीसीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी पोर्चच्या कोपऱ्यात व्हाइस, ग्राइंडर, ऐरण असे सामान असेल, तर तेवढ्या कोपऱ्यालाही हाच नियम लावावा.

आता जमिनीकडे. पलूस तालुक्यात भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, दुधोंडी या कृष्णाकाठच्या गावांत काळी माती खोल आहे. काठापासून दूर माळाकडे गेल्यावर मुरमाड जमीन लागते. मुरमावर काम सोपे असते. काळी माती मात्र पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराचे कॉलम खोल पायावर उभे असल्यामुळे घर हलत नाही, पण पोर्चचा कोबा वरवरच्या भरावावर टेकलेला असतो. तो दर वर्षी थोडा वर-खाली होतो. म्हणून जोत्याला लागून, उंबऱ्यासमोर, अगदी सरळ रेषेत तडा गेलेली टाइल या भागात बऱ्याच घरांत दिसते. त्यात टाइलचा दोष नसतो.

यावर उपाय बांधकामाच्या वेळीच करावा लागतो. पोर्चच्या जागेतली काळी माती किमान दोन ते तीन फूट काढून टाकावी आणि तिथे चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा. प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारून धुम्मस करावी. शक्य असेल तर व्हायब्रेटर रोलर किंवा प्लेट फिरवावी. ट्रॉलीभर मुरूम एकदम ओतून वरून ट्रॅक्टर फिरवणे म्हणजे दाबणे नव्हे. वरचा थर तेवढा घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. मुरमावर दगडी सोलिंग, त्यावर कोबा. मोटारीसाठी कोब्याची जाडी ४ ते ५ इंच आणि ट्रॅक्टरसाठी ६ इंच ठेवावी. त्यात ८ मिमी सळईची आठ-आठ इंचांवर दोन्ही बाजूंनी जाळी घालावी. जाळी जमिनीवर लोळत ठेवू नये, कव्हर लावून उचलून घ्यावी. जोते, कॉलम आणि कंपाउंडची भिंत यांच्यापासून कोबा अर्धा इंच सुटा ठेवून त्या फटीत थर्मोकोलची पट्टी घालावी, म्हणजे कोब्याला हलायला जागा मिळते आणि तडा टाइलमध्ये जात नाही. पोर्चशेजारी फुलझाडांच्या कुंड्या-वाफे ठेवून रोज पाणी सोडण्याची हौसही काळ्या जमिनीत महाग पडते.

पाण्याचा हौद किंवा ड्रेनेजचे चेंबर पोर्चखाली घेण्याची पद्धत आहे. त्याचे झाकण चाकाच्या वाटेत येऊ देऊ नये. ते टाळता येत नसेल, तर टाइल आत बसवता येणारे चौकटीसह जड झाकण वापरावे आणि चौकटीभोवती सांधा सोडावा. झाकणावरून सलग टाइल घालून पुढे गरज पडली की फोडू, असा विचार करून केलेले काम पहिल्याच तुंबलेल्या ड्रेनेजला वाया जाते.

मोठ्या टाइलची सगळ्यात मोठी अडचण उताराची आहे. एक फुटी टाइल असेल तर मिस्त्री चारही बाजूंनी मधल्या जाळीकडे ढाळ देऊ शकतो. दोन बाय चार फुटी टाइल वाकत नाही, त्यामुळे तिला चारही बाजूंचा ढाळ देता येत नाही. जबरदस्तीने दिला, तर कोपरे वर-खाली राहतात आणि ठेच लागते. म्हणून मोठी टाइल घ्यायची असेल, तर सगळा पोर्च एकाच प्रतलात, एकाच दिशेने, घराकडून फाटकाकडे उतरता ठेवावा आणि फाटकाजवळ आडवी नाली घेऊन तिच्यावर जाळी बसवावी. ढाळ एक ते दीड टक्का असावा. म्हणजे वीस फुटांत अडीच ते साडेतीन इंच. हा ढाळ कोब्यातच काढावा. कोबा सपाट ठेवून टाइलखाली माल कमी-जास्त भरून उतार काढला, तर एका टोकाला थर जाड होतो, तो वाळताना आक्रसतो आणि टाइल पोकळ वाजू लागते. रस्त्यापासून पोर्चपर्यंत चढणाऱ्या रॅम्पवर मोठी टाइल घालूच नये. तिथे खाचा पाडलेला कोबा किंवा खडबडीत दगड बरा.

आकार किती मोठा घ्यावा, याचे उत्तर गॅरेजपुरते स्पष्ट देता येते: दोन बाय चारच्या पुढे जाऊ नये. ८०० बाय १६०० मिमी किंवा चार बाय सहा फुटी टाइल दिवाणखान्यात बसवता येते, पण पोर्चच्या कोब्यावर तिच्याखाली पूर्ण भर मिळणे अवघड जाते, आणि एक फुटली तर केवढी तरी जागा उकरावी लागते. दोन बाय चारची ९ मिमी जाडीची एक टाइलच पंधरा किलोच्या आसपास भरते. ती दोघांनी आणि सक्शन कप लावून उचलायची असते.

आखणी करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ‘दोन बाय चार’ म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात ६०० बाय १२०० मिमी असते, फुटाच्या मापापेक्षा थोडी लहान. समजा पोर्च १२ फूट रुंद आणि २० फूट लांब आहे, म्हणजे ३६५८ बाय ६०९६ मिमी. रुंदीत सहा टाइल आणि त्यांत ३ मिमीचे पाच सांधे धरले, तर ३६१५ मिमी होतात. ४३ मिमी उरतात. दोन्ही भिंतींकडच्या दहा-दहा मिमीच्या फटी सोडल्या, तरी दोन सेंटिमीटरची चिरफळी एका कडेला बसवावी लागते, आणि अशी चिरफळी पहिल्यांदा उखडते. सांधे ५ मिमी घेतले की तोच प्रश्न सुटतो: ३६२५ मिमी भरतात आणि दोन्ही कडांना साधारण सोळा-सोळा मिमीची फट राहते, जी स्कर्टिंगखाली जवळपास झाकली जाते. लांबीत पाच टाइल आणि चार सांधे मिळून ६०२० मिमी होतात. उरलेल्या ७६ मिमीत घराकडची फट सोडून फाटकाकडे दोन इंची ग्रॅनाइटची पट्टी बसते. गाडी आत येताना चाकाचा पहिला मार ही पट्टी घेते, टाइलची कड घेत नाही. एकही टाइल न कापता ३० टाइलांत काम होते. तरीही चार टाइल जास्त घ्याव्यात, सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक आणि शेड एकच आहे हे उतरवून घेतानाच पाहावे, आणि उरलेल्या टाइल जपून ठेवाव्यात. दोन वर्षांनी तीच शेड मिळेल, याचा भरवसा नसतो.

बसवणीच्या आधी कोब्याला किमान २८ दिवस द्यावेत. त्यातले पहिले दहा-बारा दिवस पाणी मारावे. मग तीन मीटरची अॅल्युमिनियम पट्टी आडवी-उभी ठेवून पाहावे. मोठ्या टाइलसाठी पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये. जिथे दिसेल तिथे खड्डा आधी भरून घ्यावा, उंचवटा घासून काढावा.

गावाकडची जुनी रीत म्हणजे वाळू-सिमेंटचा अर्धओला माल अंथरून, त्यावर सिमेंटचे पाणी ओतून, टाइल ठोकून बसवणे. शहाबादी किंवा कोटा फरशीला ती उत्तम लागू पडते, कारण दगड थोडे पाणी शोषतो आणि सिमेंट त्याला धरते. पोर्सिलेन पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटचा थर तिच्या पाठीला चिकटल्यासारखा दिसतो आणि काही महिन्यांत सुटतो. इथे टाइल अॅडहेसिव्हच वापरावे. मिस्त्री त्याला ‘केमिकल’ म्हणतात. पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप छापलेला असतो. पोर्चसाठी टाइप ३ किंवा त्याच्या वरचा घ्यावा. त्यात घरचे सिमेंट मिसळू नये आणि घट्ट होत आलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये.

टाइल उलटी करून पाहिली की पाठीवर पांढरट भुकटी हाताला लागते. भट्टीतल्या रुळांना टाइल चिकटू नये म्हणून लावलेला तो थर असतो. ओल्या स्पंजाने तो पुसल्याशिवाय अॅडहेसिव्ह नीट धरत नाही, आणि घाईच्या कामात नेमके हेच राहून जाते. पुसलेल्या पाठीवर अॅडहेसिव्हचा पातळ हात सपाट थापीने घासून लावावा. कोब्यावर १० किंवा १२ मिमीच्या दात्यांच्या थापीने माल पसरून सगळ्या रेघा एकाच दिशेने, टाइलच्या आखूड बाजूला समांतर ओढाव्यात. गोल-गोल फिरवलेल्या रेघांत हवा अडकते. टाइल ठेवल्यावर रेघांच्या आडव्या दिशेने थोडी पुढे-मागे सरकवून दाबावी, म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात. पहिल्या दोन-तीन टाइल लगेच उचलून पाहाव्यात. पाठीवर रेघा तशाच उमटलेल्या दिसल्या, तर माल कमी आहे. पाठ चारही कोपऱ्यांपर्यंत एकसारखी राखाडी दिसली, तर काम बरोबर चालले आहे. अमेरिकेतील टाइल उद्योगाच्या नियमपुस्तकात उघड्यावरच्या आणि ओल्या जागांसाठी ९५ टक्के भर सांगितली आहे. गाडीखालच्या टाइललाही तीच लावावी.

चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून त्यावर टाइल दाबण्याची रीत सर्रास दिसते. लेव्हल पटकन मिळते म्हणून ती मिस्त्र्यांना सोयीची वाटते. पोर्चमध्ये ती एका टाइललाही चालवून घेऊ नये, कारण पाच गोळ्यांच्या मधली सगळी जागा पोकळ राहते.

एप्रिल-मेमध्ये कोबा दुपारी इतका तापतो की पसरलेल्या मालावर काही मिनिटांत साय धरते. बोट लावून पाहावे. माल बोटाला लागला नाही, तर तो खरवडून टाकावा. या दिवसांत सकाळी लवकर आणि उन्हे कलल्यावर काम करावे, पोर्चला हिरवी जाळी बांधावी आणि एका वेळी एका टाइलपुरताच माल पसरावा. टाइलची पातळी जुळवायला क्लिप आणि पाचर मिळतात. त्या वापराव्यात, पण वाकड्या कोब्याची भरपाई त्यांच्याकडून होत नाही. टाइल विटांसारख्या सांधे सरकवून बसवायच्या असतील, तर सरक एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नये. लांब टाइल भाजताना मध्ये किंचित उचललेली असते आणि अर्ध्यावर सरकवली की एकीचा उंचवटा दुसरीच्या कोपऱ्याशेजारी येतो.

तापमानामुळे टाइल वाढते-घटते, हे मोकळ्या पोर्चमध्ये विसरून चालत नाही. पोर्सिलेन एका अंशाला दर मीटरमागे सुमारे सात सहस्रांश मिमी वाढते. पहाटे आणि भर दुपारी टाइलच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर सहा मीटरच्या ओळीत हा फरक सव्वा मिमीच्या आसपास जातो. दोन्ही टोके भिंतीला सिमेंटने जाम असतील, तर टाइलच्या दोन ओळी एकमेकींना ढकलून तंबूसारख्या वर उठतात. म्हणून ऊन लागणाऱ्या पोर्चमध्ये दर अडीच ते साडेतीन मीटरवर एक सांधा ग्राउटऐवजी पीयू सीलंटने भरावा आणि भिंती, कॉलम व जोत्याभोवतीची फटही तशीच मऊ ठेवावी. कोब्यात कापलेला सांधा असेल, तर टाइलचा सीलंटचा सांधा बरोबर त्याच्यावर आला पाहिजे. सिमेंटचे सांधे एकसंध दिसतात, म्हणून सीलंट नको असे घरमालकच सांगतात. ग्राउटच्या रंगाचा सीलंट मिळतो, तो मागवावा.

बाकीच्या सांध्यांसाठी द्राक्षबागायतदारांच्या घरी इपॉक्सी ग्राउटच वापरावे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात आणि ब्लोअर, टाक्या, नळ्या पोर्चमध्येच येतात. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे थेंब टाइलवरून पुसले जातात, सिमेंटच्या सांध्यात मात्र निळसर हिरवा डाग धरून बसतात. डिझेल आणि बॅटरीचे अॅसिडही तिथेच मुरते. इपॉक्सी महाग आहे, त्याला हात बसलेला कारागीर लागतो, आणि टाइलवर सांडलेले त्याच दिवशी पुसले नाही तर निघत नाही. तरीही पाच मिमीच्या सांध्यांत लागणारा माल फार नसतो. बोर्डो मिश्रण कालवायचे काम मात्र पोर्चमध्ये करूच नये.

टाइल बसवल्यावर एक दिवस पाऊल ठेवू नये, मग सांधे भरावेत, आणि गाडी किमान सात दिवस, शक्यतो चौदा दिवस बाहेर ठेवावी. सांधे भरण्याआधी लाकडी मुठीने प्रत्येक टाइल कोपऱ्यापासून मध्यापर्यंत वाजवून पाहावी. भरीव आणि पोकळ आवाज कानाला सहज वेगळा कळतो. पोकळ वाजणारी टाइल चाकाच्या वाटेत असेल, तर ती त्याच दिवशी काढून पुन्हा बसवून घ्यावी. मिस्त्रीचा हिशेब त्यानंतर पूर्ण करावा.

वापरात पथ्ये थोडी आहेत. जॅक लावताना खाली लाकडी फळी घ्यावी. दुचाकीच्या स्टँडची जागा ठरलेली असेल, तर तिथे रबरी तुकडा टाकावा. सांडलेले ऑइल भुशाने टिपून मग साबणाच्या पाण्याने धुवावे. टायरचे काळे पट्टे धुण्याच्या सोड्याने घासले की निघतात. बाथरूमसाठी मिळणारे अॅसिड वापरू नये. टाइलला ते फारसे काही करत नाही, पण सिमेंटचे सांधे खाऊन टाकते.

कृष्णाकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुराचे पाणी येणाऱ्या घरात वाळूच्या मालावर बसवलेली फरशी सर्वांत आधी खचते, कारण खालची वाळू पाण्याबरोबर सरकते. घट्ट कोब्यावर अॅडहेसिव्हने पूर्ण चिकटवलेली टाइल बहुधा तगते. पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच खोऱ्याने न खरवडता लाकडी फळीच्या कडेने किंवा रबरी वायपरने ओढावा आणि पाण्याच्या जोराने धुवावा. त्या वेळी एखादी टाइल पोकळ वाजली, तरी लगेच बदलायला घेऊ नये. खालची काळी माती फुगलेली असते. ती वाळून बसायला पुढचा उन्हाळा लागतो. एप्रिलमध्ये पुन्हा वाजवून पाहावे आणि मगच दुरुस्ती काढावी.

फुटलेली एखादी टाइल बदलताना पहिल्यांदा तिच्या चारही बाजूंचे सांधे ग्राइंडरने पूर्ण कापून घ्यावेत, म्हणजे हातोडीचा धक्का शेजारच्या टाइलला लागत नाही. मग टाइल मधून फोडत कडेकडे यावे. कडेकडून पहार घातली तर शेजारची कड हमखास उडते. खालचा जुना अॅडहेसिव्ह कोब्यापर्यंत तासून काढावा आणि कोब्याला तडा आहे का ते पाहावे. तडा असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे: भराव बसला आहे, चेंबर गळते आहे की सांधा चुकीच्या जागी आहे. कारण दूर न करता बसवलेली नवी टाइल त्याच रेषेत पुन्हा तडकते. कोबा शाबूत असेल, तर जपून ठेवलेल्या चारांपैकी एक टाइल पाठ पुसून, पूर्ण भर देऊन बसवावी आणि त्या जागेवर गाडी पुन्हा आठवडाभर लावू नये.